पाळण्यातील वरवंटा

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून नांदेडास घरी आला होता. फराळाची ताटे पुढे आली आणि त्यांच्याबरोबर वडील माणसांचा नेहमीचा प्रश्नही आला, "काय रे, तू तिथे नेमके करतोस तरी काय?" मुलगा इंजिनिअर आहे, मोटारींच्या कामात आहे, एवढेच आम्हां सर्वांस ठाऊक. त्याने लाडू मोडीत शांतपणे सांगितले, "मी गाड्या बिघडवतो, काका."

वहिनींच्या हातातील वाटी हातातच राहिली. "अरे, एवढा शिकलास, आणि लोक तुला बिघडवण्याचा पगार देतात? लहानपणी घड्याळ उघडलेस म्हणून मार खाल्ला होतास, तेच करतोस ना अजून?"

"तेच करतो, आई. टेबलावर मी बिघडवतो तेव्हा आत कोणी नसते. रस्त्यावर ती आपली आपण बिघडेल तेव्हा आत माणसे असतील."

हे उत्तर माझ्या मनात रुतून बसले. चार दिवस मी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले, आणि तो परत गेल्यावर या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण हा विषय केवळ पुण्या-मुंबईच्या कारखान्यांचा नाही. नांदेडच्या आणि लातूर रोडच्या स्टेशनावरून आपण ज्या आगगाडीत बसतो तिचाही तो आहे.

प्रथम मोटारीचे पाहू. जुन्या मोटारीत पायाने दाबलेल्या तट्ट्याचा जोर तारेने किंवा तेलाच्या नळीने थेट यंत्रापर्यंत पोहोचे. मध्ये विचार करणारे कोणी नसे. आजच्या मोटारीत तसे राहिलेले नाही. चाक घसरू लागले तर ब्रेकचा दाब किती सोडावा, हे एक लहानसा संगणक ठरवितो. पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर इंजिनास तारेने जोडलेलाच नसतो. पाय किती दाबला गेला याचे विजेचे माप संगणकास कळते, आणि मग तो इंजिनास हुकूम करितो. असे डझनावारी संगणक एका गाडीत असतात आणि ते आपसांत अखंड निरोपांची देवघेव करीत असतात. या संगणकांना काय करावे हे सांगणारी जी लिखित आज्ञावली, तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. आज गाडीत बसणारा मनुष्य लोखंडावर जितका विसंबलेला असतो, तितकाच या न दिसणाऱ्या लिखाणावरही विसंबलेला असतो.

आता लोखंड झिजते, गंजते, त्यास तडा जातो. तो डोळ्यांस दिसतो. आज्ञावलीस गंज चढत नाही. परंतु तिला मिळणारी माहिती खोटी असू शकते. वेग मोजणारे यंत्र अडकून एकच आकडा सांगत राहते; उंदीर तार कुरतडतो; निरोप उशिरा येतो किंवा दोनदा येतो. इतकेच नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या सूक्ष्म किरणांनी स्मृतीतील एखादे चिन्ह उलटे होऊन शून्याचा एक होतो. ही गोष्ट काल्पनिक वाटेल. परंतु २००३ साली बेल्जममधील एका निवडणुकीत एका उमेदवारास यंत्राने ४०९६ मते अधिक दाखविली होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच चिन्ह उलटले असता नेमका एवढाच फरक पडतो, आणि म्हणून त्या चुकीचे कारण असेच एखादे उलटलेले चिन्ह असावे असे तज्ज्ञांनी अनुमान केले. मतांची फेरमोजणी करिता येते. घाटातील वळणावर ब्रेकची फेरमोजणी करिता येत नाही.

यावर उपाय काय? पुतण्याच्या कामाची रीत येथे येते. टेबलावर गाडीचा खरा संगणक ठेवितात. त्याला गाडी मात्र खोटी देतात. दुसरा एक मोठा संगणक रस्ता, चाके, चढ, पाऊस यांचे सोंग उभे करितो, आणि बिचाऱ्या पहिल्यास वाटते की आपण खरोखरच धावत आहोत. मग परीक्षक एकेक दोष आत सोडतो. मधलीच एखादी तार तोडतो. वेगाचा आकडा गोठवितो. निरोप अडवितो, उशिरा देतो, त्यातील अक्षरे बदलतो. स्मृतीतील एका चिन्हाची उलथापालथ करितो. आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपून ठेवितो: दोष कळला काय? किती वेळात कळला? कळल्यावर गाडीने काय केले? उदाहरणार्थ, ॲक्सिलरेटरवर पाय किती आहे हे सांगण्यास बहुधा दोन मापके असतात. परीक्षक त्यांपैकी एकास खोटे बोलावयास लावतो. दोघांचे जमत नाही असे दिसताच संगणकाने इंजिनाचा जोर उतरविला पाहिजे आणि चालकास दिवा लावून सांगितले पाहिजे. त्याने खोट्यावर विश्वास ठेवून वेग वाढविला, तर तो नापास.

'दोषारोपण' हा शब्द आपण निंदेच्या अर्थाने वापरतो. परंतु आरोपण म्हणजे रोवणे, लावणे. या विद्येत तो शब्द अक्षरशः खरा होतो. दोष रोपावयाचा आणि त्यास काय फळ येते ते पाहावयाचे. मोटारींच्या सुरक्षिततेचे जे आंतरराष्ट्रीय मानक २०११ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१८ साली सुधारले गेले, त्यात ही रीत सांगितलेली आहे. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली वाहन-संशोधनाची संस्था, जिला एआरएआय असे म्हणतात, ती गाड्यांच्या अनेकविध परीक्षांसाठी देशभर प्रसिद्ध आहे.

दोष नेहमी अजाणता येतो असेही नाही. २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरी बसून दूरवर हमरस्त्यावर धावणाऱ्या एका जीप गाडीच्या संगणकात शिरकाव करून दाखविला, आणि ती गाडी चालकाच्या इच्छेविरुद्ध मंदावली. चालकास आधी कल्पना होती. हेतू चोरीचा नव्हता, चोरवाट दाखविण्याचा होता. परिणामी त्या कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तेव्हापासून परीक्षकास दोन सोंगे घ्यावी लागतात: एकदा दैवाचे, एकदा चोराचे. २०२१ साली मोटारींच्या या दुसऱ्या संरक्षणाचेही निराळे मानक निघाले.

हे सर्व ऐकताना मला नवे काही ऐकतो आहे असे वाटेना. आपल्या शास्त्रकारांनी 'स्थूणानिखनन' नावाचा एक न्याय सांगितला आहे. जमिनीत खांब पुरणारा मनुष्य तो पुरून झाल्यावर पुनःपुन्हा हलवून पाहतो. त्यास खांब पाडावयाचा नसतो. तो पक्का बसला की नाही हे पाहावयाचे असते, आणि हलविता हलविताच तो पक्का करावयाचा असतो. पूर्वपक्षाची योजनाही तशीच. आपल्या मतावर जितके आक्षेप सुचतील तितके आपणच आधी मांडावयाचे, तेही दुबळे करून नव्हे, सबळ करून; आणि त्यांतून जे उभे राहील त्यासच सिद्धान्त म्हणावयाचे. मोटारीच्या टेबलाशी बसलेला माझा पुतण्या हा यंत्रशास्त्रातील पूर्वपक्षी आहे, असे मी वहिनींना सांगितले, तेव्हा कोठे त्यांना थोडा धीर आला.

आता आपल्या दाराशी येऊ. दक्षिण मध्य रेल्वेच्या मार्गांवर 'कवच' नावाची यंत्रणा बसविली आहे. २०२४ पर्यंत त्या रेल्वेवर १४६५ किलोमीटर मार्ग आणि १४४ इंजिने या यंत्रणेखाली आली होती. त्यांत मनमाडच्या पुढून मुदखेडमार्गे गुंतकलपर्यंत जाणारा मार्ग आहे, म्हणजे परभणी, पूर्णा, नांदेड आले. आणि बिदर ते परभणी हा २४१ किलोमीटरचा मार्ग आहे, म्हणजे उदगीर, लातूर रोड, परळी आले. या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबे तिरुपतीस, हैदराबादेस किंवा लेकीच्या घरी जाताना याच रुळांवरून जातात.

कवचाचे काम थोडक्यात असे. रुळांच्या मध्ये ठरावीक अंतरावर लहान खुणेच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. इंजिन त्यांवरून जाताना आपण कोठे आहोत हे त्यास कळते. स्टेशनातील यंत्र पुढचा सिग्नल लाल की हिरवा हे रेडिओने इंजिनास कळविते. इंजिनातील संगणक सतत हिशेब करितो की, या वेगाने गेल्यास पुढच्या लाल सिग्नलाआधी गाडी थांबेल काय? थांबणार नसेल तर तो चालकास इशारा देतो, आणि चालकाने ऐकले नाही तर स्वतः ब्रेक लावतो. रेडिओवरील निरोप खरा की बनावट हे ओळखण्यासाठी गुप्त किल्ल्यांची योजनाही त्यात केलेली आहे. लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली हैदराबादकडच्या कारखान्यांनी ही यंत्रणा घडविली. प्रवासी गाड्यांवरील पहिल्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये झाल्या आणि २०२० साली ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली.

ही यंत्रणा पारखली कशी? चालकास सांगण्यात आले की, लाल सिग्नल दिसला तरी ब्रेकला हात लावू नको. वळणाच्या रुळावर वेग कमी करू नको. फाटक आले तरी शिट्टी देऊ नको. म्हणजे चांगल्या चालकास चुकारपणाचे सोंग घ्यावयास लावले. ४ मार्च २०२२ रोजी लिंगमपल्ली-विकाराबाद मार्गावर गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांच्या दरम्यान याहून कठीण परीक्षा झाली. एकाच रुळावर समोरासमोर दोन इंजिने सोडण्यात आली. एकात स्वतः रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव होते, दुसऱ्यात रेल्वे मंडळाचे अध्यक्ष होते. कवचाने मंत्र्यांचे इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबविले. अशा प्रसंगी थोडा देखावा असतो हे खरे. तथापि ज्याने यंत्र चांगले आहे असे लोकांस सांगावयाचे, त्याने आधी स्वतः त्यात बसावे, ही रीत मला पसंत पडली.

येथे एक हिशेब वाचकांनी माझ्याबरोबर करून पाहावा. कवचाकडून सुरक्षिततेच्या ज्या सर्वोच्च श्रेणीची अपेक्षा आहे, त्या श्रेणीत घातक बिघाडाचे प्रमाण १० कोटी तासांत एकाहून कमी असावे लागते. वर्षाचे तास होतात ८७६६. भागाकार केला तर सुमारे ११,४०० वर्षे येतात. म्हणजे यंत्र बसवून स्वस्थ बसावे आणि बिघडते काय ते पाहावे, असे म्हटले तर रामराज्यापासून बसूनही पुरावा पुरा व्हावयाचा नाही! वाट पाहून जे कधीच सिद्ध होणार नाही, त्यासाठी दोषास निमंत्रण द्यावे लागते. दोष आपण होऊन येण्याची वाट न पाहता, त्यास हजार वेषांत आधीच बोलावून घ्यावयाचे. या विद्येचे सारे मर्म या एका भागाकारात आहे.

आणि वाट पाहण्याने जी परीक्षा होते ती कशी असते, हे लातूरकरांस सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक निजले होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांतील घरांच्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. वर्षानुवर्षे त्या उभ्या होत्या, म्हणून आपण सर्वांनी त्यांस भक्कम म्हटले होते. परंतु त्या पडल्या नव्हत्या, एवढेच काय ते सिद्ध झालेले होते. हादरल्यावर त्या काय करतील, हे कोणी पाहिले नव्हते. ती परीक्षा धरणीने घेतली, आणि सुमारे १०,००० माणसे गेली. आज घरांचे नमुने प्रयोगशाळेत हलत्या पाटावर ठेवून मुद्दाम हादरवितात आणि पाडतात. नमुना पडला तर तो पुन्हा बांधता येतो.

आगगाडीच्या जुन्या कारागिरांनी हे सूत्र संगणकाच्या पुष्कळ आधी ओळखले होते. हाताचा जुना सिग्नल आठवा. हात आडवा म्हणजे थांब. त्याची तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होई. बिघाड झाला तर गाडी थांबे, पुढे जात नसे. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ साली काढलेल्या आपोआप लागणाऱ्या ब्रेकचेही तेच. नळी फुटली, डबे सुटले, हवा गेली की ब्रेक लागतो. डब्यातील साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती याच तत्त्वाने. दोष येऊच नये ही इच्छा झाली. दोष आला तर तो सुरक्षित बाजूस पडावा, ही युक्ती झाली. इच्छेपेक्षा युक्तीवर विसंबावे.

तथापि या विद्येची सीमाही सांगितली पाहिजे. नाहीतर लेख जाहिरात होईल. परीक्षकास जो दोष सुचतो, त्याचीच परीक्षा होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्यातील आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. जुन्या वाहनावर तो निर्दोष चालला, म्हणून नव्या वाहनाच्या अधिक वेगाचे आकडे घालून तो कोणी तपासला नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे जो भीषण अपघात झाला, त्याचे मूळ सिग्नलांच्या जोडणीत केलेल्या चुकीच्या फेरफारात सापडले. त्या मार्गावर कवच नव्हते. पण असते तरी सिग्नलच हिरवा म्हणून सांगत असता त्याने तरी काय करावे? आणि आपल्याच मनमाड-नांदेड मार्गावर, ८ मे २०२० च्या पहाटे, करमाडजवळ पायी गावाकडे निघालेले १६ मजूर रुळांवर झोपी गेले होते. मालगाडीखाली ते गेले. कवचाची व्यवस्था गाडी आणि सिग्नल यांची आहे. थकून निजलेला मनुष्य तीस दिसत नाही. कर्णाचे कवच जन्मजात होते. हे मनुष्याने घडविले आहे. ते जेथे पोहोचत नाही, त्या जागा मोजीत राहणे हे आपले काम आहे.

जाण्याच्या आदल्या रात्री पुतण्या ओसरीवर बसला असता म्हणाला, "काका, दोष घालणे सोपे आहे. सापडलेला दोष सांगणे कठीण. गाडी बाजारात आणायची तारीख जवळ आली की, दोष दाखवणाराच लोकांना दोषी वाटू लागतो."

हे ऐकून मला माझ्या शिक्षकीतील एक गोष्ट आठवली. ती मी आजवर कोणास सांगितली नव्हती. वर्गात संस्कृत शिकविताना मला फळ्यावर मुद्दाम चूक लिहिण्याची सवय होती. 'रामेण' च्या जागी 'रामेन' लिहावयाचे आणि कोणाचा हात वर येतो ते पाहावयाचे. मुले जागी आहेत की नुसती उतरून घेत आहेत, हे त्यावरून कळे. एके दिवशी षष्ठीचे अनेकवचन लिहिताना मी 'पितृणाम्' असे लिहिले. ती चूक मुद्दाम केलेली नव्हती, माझीच होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तो ॠ दीर्घ पाहिजे." त्या दिवशी तपासनीस वर्गात बसले होते. मी त्याला म्हटले, "खाली बस. फार शहाणपण नको." घरी येऊन व्याकरण उघडले नाही, उघडण्याची गरजच नव्हती. बोलताक्षणीच मला कळले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन तसे सांगावयास हवे होते. मी सांगितले नाही. त्यानंतर मी फळ्यावर पुष्कळ वेळा मुद्दाम चुका लिहिल्या. त्या मुलाचा हात पुन्हा कधी वर आला नाही, आणि हळूहळू इतरांचेही येईनासे झाले. वर्ग अगदी शांत झाला. तपासनिसांनी माझ्या शिस्तीची प्रशंसा केली.

यंत्राची परीक्षा टेबलावर होते. परंतु ती परीक्षा खरी की खोटी, हे दोष दाखविणाऱ्याशी आपण कसे वागतो यावर ठरते. ज्या कारखान्यात, कचेरीत किंवा घरात तो मुलगा निर्भयपणे उभा राहू शकतो, तेथील गाडीत मी माझी नातवंडे निःशंक बसवीन. जेथे सर्वत्र शांतता आहे, तेथे मला भय वाटेल. हे मी पुतण्यास सांगितले आणि बजावले की, तारीख कितीही जवळ येवो, तू उभा राहा.

वहिनी आतून ऐकत होत्या. दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे न्याय आणि पूर्वपक्ष मला कळत नाहीत. पण परवा आपल्याकडे बारसे झाले, तेव्हा बाळाच्या आधी पाळण्यात काय घातले होते?"

"वरवंटा."

"मग! बाळ नंतर."

त्या विधीचा शास्त्रार्थ निराळा असेल. मी त्यात शिरत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुतण्या निघाला तेव्हा वहिनींनी त्याच्या हातावर दही घातले आणि म्हणाल्या, "जा, नीट बिघडव हो गाड्या."